मूळ आधार कोठे आहे?

(ज्ञातीच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी कोणी डॉक्टर, कोणी न्यायाधीश, कोणी यशस्वी उद्योजक आपल्यापुढे बोलावयास उभा राहतो आणि यश कसे मिळवावे हे सांगतो. यंदा मंडळाने हा मान एका निवृत्त शाळामास्तरास दिला, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत. यश कसे मिळवावे हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु विद्यार्थ्याने लिहिलेला कागद तपासणे हे काम आम्ही उभी हयात केले आहे. म्हणून विद्यार्थ्यांनी शोधनिबंध लिहिताना आधार कसे द्यावेत आणि निबंधाची मांडणी कशी ठेवावी, यासंबंधी चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे.

विषय रुक्ष आहे, हे आम्ही जाणतो. हार, पेढे आणि टाळ्या यांच्या जोडीस तळटिपा व संदर्भसूची शोभत नाहीत. तथापि हा विषय निवडण्यास दोन कारणे घडली आहेत, ती ऐकल्यावर आपण आम्हांस क्षमा कराल अशी आशा आहे.

पहिले कारण असे. आपल्या ज्ञातीतील एका विद्यार्थ्याचा प्रबंध गेल्या वर्षी परत आला. घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेला तो पहिलाच. त्याने ती वही आमच्याकडे आणून दिली व आम्ही ती अथपासून इतिपर्यंत वाचली. मुलाने चोरी केली असे म्हणण्यास आमचे मन धजेना. दोन वर्षे खेड्यापाड्यांतून हिंडून त्याने पुष्कळ माहिती गोळा केली होती. परंतु पुस्तकांतील उतारे आणि स्वतःचे निरीक्षण यांची त्याने अशी काही सरमिसळ केली होती, की कोणते वाक्य कोणाचे, हे खुद्द त्यालाही सांगता येईना. तो म्हणाला, "गुरुजी, पुस्तकात छापले आहे ते सर्वांचेच झाले ना? मग ते कोठून घेतले हे कशाला सांगावयाचे?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याला या प्रश्नाचे उत्तर शाळेपासून विद्यापीठापर्यंत कोणीच दिले नव्हते, आणि त्याचे प्रायश्चित्त मात्र त्यालाच भोगावे लागले.

दुसरे कारण असे, की आपल्या मंडळाने ज्ञातीचा इतिहास लिहून काढण्याचा संकल्प केला असून ते काम तरुण पदवीधरांच्या हाती द्यावयाचे योजिले आहे. संकल्प स्तुत्य आहे. परंतु आधार देण्याची रीत ज्यांना कोणी शिकविली नाही, त्यांच्या हातून इतिहास कसा लिहिला जाईल, ही काळजी आम्हांस वाटते.

आता आधार म्हणजे काय, हे प्रथम पाहू. त्यासाठी परदेशी ग्रंथांकडे जाण्याचे कारण नाही. या सभेत असे एकही घर नसेल, की ज्यातील कोणी ना कोणी जात पडताळणी समितीच्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजविल्या नाहीत. तेथे आपण काय करतो? आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधतो, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल काढतो, जुने खरेदीखत धुंडाळतो. "आमची जात अमुक आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे," असे उत्तर तेथे चालत नाही. कागद दाखवावा लागतो. आणि दाखला खरा, हे कशावरून ठरते? त्यावर शाळेच्या जनरल रजिस्टरमधील क्रमांक असतो म्हणून. ज्याला शंका येईल त्याने त्या शाळेत जावे, ते रजिस्टर उघडावे, तो क्रमांक काढावा आणि नोंद डोळ्यांनी पाहावी. हे रजिस्टर आम्ही अनेक वर्षे स्वतः सांभाळले आहे. एका क्रमांकाची किंमत काय असते, हे आम्ही पालकांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

विद्यार्थिमित्रहो, निबंधातील संदर्भ म्हणजे हा रजिस्टर-क्रमांकच होय. ग्रंथकाराचे नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशनाचे स्थळ व वर्ष आणि पृष्ठांक, एवढे दिले म्हणजे वाचकाला तुमच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही. तो स्वतः जाऊन पाहू शकतो. याशिवाय संदर्भाचे दुसरे कार्य ऋण मान्य करण्याचे. ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस व्यास आणि भाष्यकार यांचे ऋण मान्य केलेले आहे. एवढ्या मोठ्या ग्रंथकर्त्यास ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात आपणांस कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

एक उदाहरण आपल्यापुढे ठेवितो. ते एका विद्यार्थ्याच्या निबंधाचेच आहे. दिनांक ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गापुढे, एका हिंदी विद्यार्थ्याने हिंदुस्थानातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती व विकास या विषयावर इंग्रजीत निबंध वाचला. विद्यार्थ्यास पंचविसावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. हा निबंध पुढे मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला.

त्या निबंधाचा विषय आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेला सोयीचा नाही, हे आम्ही जाणून आहोत. जातीबाहेर विवाह न करणे, हेच जातीचे मर्म होय, असे प्रतिपादन त्यात आहे. वधूवर-मेळावे भरविणाऱ्या आपल्या मंडळाने त्यावर शांत चित्ताने विचार करावा, इतकेच आम्ही येथे म्हणतो. आज आपणांस पाहावयाची आहे ती त्या निबंधाची रीत. जात म्हणजे काय, हे सांगण्यापूर्वी आंबेडकर आपल्या अगोदरच्या चार अभ्यासकांना पुढे बोलावतात : फ्रेंच पंडित सेनार, नेसफील्ड, सर हर्बर्ट रिस्ली आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर. प्रत्येकाची व्याख्या त्याच्या नावावर व त्याच्याच शब्दांत मांडतात, आणि मग तिच्यात काय कमी आहे ते दाखवितात. केतकरांचा जातींच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता. त्यांच्या चिकित्सक बुद्धीची आंबेडकर मोकळ्या मनाने प्रशंसा करतात. परंतु केतकरांनी जातीची म्हणून जी दोन लक्षणे सांगितली, ती दोन नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत, असेही तितक्याच स्पष्टपणे दाखवून देतात. शेवटी आपले मत अंतिम नाही, ते चुकीचे ठरल्यास आपण ते सोडून देऊ, असेही नमूद करतात.

हा विद्यार्थी अशा समाजात जन्मला होता, की ज्याच्या शब्दाला त्या काळी कोणी किंमत देत नसे. रिस्ली हे साम्राज्य सरकारचे मोठे अधिकारी, १९०१ च्या खानेसुमारीचे आयुक्त. अशा माणसाचे म्हणणे खोडून काढताना आंबेडकरांच्या पाठीशी ना घराणे होते, ना अधिकारपद. पाठीशी होता तो आधार आणि युक्तिवाद. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या नावासह प्रामाणिकपणे मांडल्यामुळेच त्यांचे स्वतःचे म्हणणे कोणते, हे वाचकाला स्वच्छ दिसले. आमच्याकडे प्रबंध घेऊन आलेल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. दुसऱ्याचे ते दुसऱ्याला दिल्यावाचून तुझे ते तुझे म्हणून उरत नाही. त्याने दोन वर्षे पायपीट करून मिळविलेले ज्ञान परीक्षकांस दिसलेच नाही, कारण ते परक्या उताऱ्यांच्या गर्दीत लपून गेले. ज्याच्या मागे मोठे नाव नाही, त्याला संदर्भाची गरज सर्वांत अधिक असते.

आता नियमांकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम केले. त्यांनुसार प्रबंधाचे अन्य लिखाणाशी असलेले साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असल्यास सहा महिन्यांपर्यंतच्या ठराविक मुदतीत सुधारलेली प्रत द्यावी लागते. चाळीसच्या वर साठपर्यंत असल्यास एक वर्षपर्यंत सुधारलेली प्रत देण्यास मनाई होते, आणि साठच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. काही विद्यार्थी याचा अर्थ असा करतात, की दहा टक्के उचलण्याची मुभा आहे! हा अर्थ चुकीचा आहे. संगणक केवळ शब्दांचे साम्य मोजतो, प्रामाणिकपणा मोजत नाही. अवतरणचिन्हांत घालून व नाव देऊन घेतलेला उतारा हे चौर्य नव्हे. उलट, शब्द इकडचे तिकडे करून, क्रियापदे बदलून, दुसऱ्याचा विचार नावावाचून घेतला तर संगणकास तो सापडो वा न सापडो, ते चौर्यच होय.

संदर्भ देण्याच्या पद्धती अनेक आहेत, आणि त्यांची नावे ऐकूनच आपली मुले बिचकतात. वस्तुतः त्यांत भिण्यासारखे काही नाही. तीन पद्धती मुख्य समजाव्या. भाषा व साहित्याच्या अभ्यासकांत 'एम. एल. ए.' ही पद्धत चालते. तिची पहिली पत्रिका १९५१ साली निघाली. तिच्यात वाक्याच्या शेवटी कंसात ग्रंथकाराचे आडनाव व पृष्ठांक देतात. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आदी विषयांत 'ए. पी. ए.' ही पद्धत रूढ आहे. तिचा उगम १९२९ साली एका मासिकात आलेल्या अवघ्या काही पानांच्या लेखात आहे. तिच्यात आडनावाबरोबर प्रकाशनाचे वर्ष देतात, कारण त्या विषयांत संशोधन किती ताजे, याला महत्त्व असते. तिसरी शिकागोची पद्धत. तिचा ग्रंथ प्रथम १९०६ साली निघाला. इतिहासाचे अभ्यासक तिच्यातील तळटिपांचा प्रकार पसंत करतात, कारण जुन्या कागदपत्रांचा तपशील कंसात मावत नाही.

या शिकागो विद्यापीठासंबंधी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. तेथे केट टुराबियन नावाच्या बाई १९३० पासून १९५८ पर्यंत प्रबंध-सचिव होत्या. विद्यापीठातील प्रत्येक प्रबंध त्यांच्या नजरेखालून जाई व त्यांची संमती मिळाल्यावाचून स्वीकारला जात नसे. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १९३७ साली एक छोटी पुस्तिका तयार केली. तीच पुढे वाढत जाऊन जगभर लक्षावधी प्रतींनी खपली. या बाईंना आजारपणामुळे शाळेपुढे महाविद्यालयात जाता आले नव्हते. त्यांनी टंकलेखिकेच्या कामापासून आरंभ केला होता. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, म्हणून ही हकीकत आम्हांस विशेष प्रिय आहे. नीटनेटकेपणा व सचोटी यांना पदवी लागत नाही, आणि पदवी मिळाल्याने ती आपोआप येतही नाहीत.

तिन्हींपैकी कोणती पद्धत वापरावयाची, हे तुमचे मार्गदर्शक व विद्यापीठ सांगतील. आमचे सांगणे इतकेच, की एकदा धरलेली पद्धत शेवटच्या पानापर्यंत सोडू नका. पहिल्या प्रकरणात तळटिपा, दुसऱ्यात कंस आणि तिसऱ्यात काहीच नाही, असा निबंध परीक्षकांच्या हाती पडला म्हणजे मजकूर वाचण्यापूर्वीच त्यांचे मन कलुषित होते.

मांडणीचा क्रम साधारणतः असा ठेवावा : मुखपृष्ठ, प्रतिज्ञापत्र व मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, मग प्रस्तावनेपासून निष्कर्षापर्यंत प्रकरणे, त्यानंतर परिशिष्टे आणि शेवटी संदर्भसूची. कागदाच्या कडेला समास मोकळा सोडावा आणि बांधणीच्या बाजूस तो अधिक असावा, नाहीतर अर्धी अक्षरे शिलाईत जातात. ओळींत पुरेसे अंतर ठेवावे, पृष्ठांक न चुकता घालावे. लांबलचक उतारा असेल तर तो दोन्ही बाजूंनी आत घेऊन वेगळा छापावा.

मराठीत लिहिणाऱ्यांस काही अडचणी खास आपल्या म्हणून येतात. त्यांविषयी परदेशी पुस्तिकांत मार्गदर्शन मिळत नाही. पहिली अडचण नावांची. सूचीत आडनाव अगोदर व नाव मागाहून लिहावे : 'केतकर, श्रीधर व्यंकटेश' असे. कवीने टोपणनावाने लिहिले असेल तर ग्रंथावर जे नाव आहे तेच द्यावे आणि मूळ नाव जोडीस लिहावे : कुसुमाग्रज म्हणजे वि. वा. शिरवाडकर, हे परप्रांतीय वाचकास ठाऊक असेलच असे नाही. दुसरी अडचण अनुक्रमाची. मराठी ग्रंथांची सूची अकारविल्ह्याने लावावी आणि इंग्रजी ग्रंथांची सूची स्वतंत्र ठेवावी. तिसरी अडचण शकाची. जुन्या मराठी ग्रंथांवर शालिवाहन शक असतो. शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. परंतु शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्यामुळे जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. म्हणून ग्रंथावर असेल तो शक जसाच्या तसा लिहून त्यापुढे इसवी सन द्यावा हे उत्तम. चौथी अडचण आवृत्तीची. ग्रंथ जुना व तुमच्या हातातील प्रत नवी असेल, तर जी प्रत वाचली तिचेच वर्ष व तिचेच पृष्ठांक द्यावे, कारण आवृत्तीगणिक पाने बदलतात.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की जे स्वतः पाहिले नाही ते पाहिले असे भासवू नये. रिस्ली यांचे मत तुम्ही आंबेडकरांच्या निबंधात वाचले असेल, तर रिस्ली यांच्या ग्रंथाचा पृष्ठांक देऊन मोकळे होऊ नका. रिस्ली यांचे मत, आंबेडकरांच्या निबंधात उद्धृत, असे सरळ लिहा. यात लाज नाही. लाज आहे ती न उघडलेल्या ग्रंथाचे नाव मिरविण्यात.

हा नियम न पाळल्याने काय होते, याचे उदाहरण आपण आताच ज्याची थोरवी पाहिली त्या निबंधाच्याच बाबतीत सापडते. तो 'इंडियन अँटिक्वेरी'च्या ज्या खंडात छापला गेला, त्याचा क्रमांक पुनर्मुद्रणांत व नंतरच्या अनेक लेखांत ४१ असा दिलेला आढळतो. आता साधा हिशेब करा. हे नियतकालिक जेम्स बर्जेस यांनी मुंबईत १८७२ साली सुरू केले आणि त्याचा दरसाल एक खंड निघे. १८७२ चा पहिला, तर १९१७ चा सेहेचाळिसावा. रोमन अंकांत ४६ लिहिताना मधले एक अक्षर गळले, की त्याचे ४१ होतात. कोणाच्या तरी हातून ते अक्षर गळले असावे, आणि पुढच्यांनी मूळ अंक न उघडता मागच्याचे उतरून घेतले. मे १९१७ हा काळ बरोबर दिलेला असतो, म्हणून शोधणाऱ्यास निबंध सापडतो. केवळ खंडाच्या क्रमांकावर विसंबून जाणारा मात्र पाच वर्षे अलीकडच्या, म्हणजे १९१२ च्या खंडात तो धुंडाळीत बसेल. एका अक्षराची ही कथा लक्षात ठेवा, आणि उतरून घेतलेला प्रत्येक अंक मुळाशी ताडून पाहा.

अलीकडे नवे संकट आले आहे. प्रश्न विचारताच निबंध लिहून देणारी संगणकीय साधने आता प्रत्येकाच्या खिशात आहेत. त्यांची आम्ही निंदा करीत नाही. परंतु ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे, लेखकांसह व पृष्ठांकांसह, अत्यंत आत्मविश्वासाने देतात. न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयाने जून २०२३ मध्ये अशाच बनावट निवाड्यांचे दाखले दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. हे निवाडे त्यांना एका साधनाने पुरविले होते व ते त्यांनी न तपासता न्यायालयापुढे ठेवले होते. ज्या शाळेत रजिस्टरच नाही, त्या शाळेच्या दाखल्यावर क्रमांक घालण्यासारखाच हा प्रकार झाला. वकिलांची ही गत, तर विद्यार्थ्यांची काय कथा! म्हणून यंत्राने सांगितलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात जाऊन डोळ्यांनी पाहिल्यावाचून लिहू नये.

आता ज्ञातीच्या इतिहासाकडे येतो. आपल्या स्मरणिकांच्या जुन्या अंकांत ज्ञातीच्या उत्पत्तीविषयी लेख आहेत. कोणी आपणांस एका ऋषीचे वंशज ठरविले आहे, कोणी एका राजाच्या सैन्याबरोबर आणले आहे. हे लेख आम्ही ओळीने लावून वाचले. तिसऱ्याने दुसऱ्याचे घेतले आहे, दुसऱ्याने पहिल्याचे, आणि पहिल्याने कोठून घेतले याचा पत्ता नाही. लिहिणाऱ्यांचे ज्ञातिप्रेम निःसंशय मोठे होते. परंतु प्रेमाने पुरावा तयार होत नाही. आपल्या मुलांच्या दाखल्यांसाठी आपण जो काटेकोरपणा सोसतो, तो पूर्वजांच्या इतिहासाला नको, असे कसे म्हणता येईल?

या कामी आपल्यापुढे थोर उदाहरण आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले, माळ्यांवर धूळ खात पडलेली दप्तरे त्यांनी मिळविली, आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड प्रसिद्ध केले. त्यांत प्रत्येक पत्राला लेखांक दिलेला आहे. राजवाड्यांचे मत कोणास पटो वा न पटो, लेखांक काढून मूळ पत्र वाचण्याची सोय त्यांनी सर्वांना करून ठेविली. पुढे १९१० साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्यांच्या काही मतांवर आज कठोर टीका होते. ती टीका करणाऱ्यांनाही त्यांच्याच लेखांकांचा उपयोग होतो.

आपल्या तरुणांनी कोठे पाहावे? ब्रिटिश अमदानीतील मुंबई इलाख्याची गॅझेटिअरे आहेत. एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातील जातिजमातींवरील तीन खंड १९२० ते १९२२ या काळात निघाले आहेत. ते जरूर पाहावेत, परंतु तेही परक्या अधिकाऱ्यांनी, ऐकीव माहितीवर पुष्कळदा विसंबून लिहिलेले आहेत, हे विसरू नये. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत. तेथील कागद उद्धृत करताना रुमालाचा क्रमांक अवश्य द्यावा. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांकडे वंशावळीच्या वह्या असतात. त्यांतील नोंद घेताना क्षेत्र, वहीचा धनी आणि पाहिल्याची तारीख लिहून ठेवावी.

आणि आपल्या घरांतील वृद्ध माणसे? त्यांना आम्ही शेवटी घेतले ते महत्त्व कमी म्हणून नव्हे. आपल्यासारख्या ज्ञातीचा पुष्कळसा इतिहास दप्तरांत शिरलाच नाही. तो आजींच्या जात्यावरील गाण्यांत आणि आजोबांच्या आठवणींत आहे. त्या आठवणी हाही आधारच होय. मात्र सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि भेटीची तारीख लिहावी, त्याची अनुमती घ्यावी, आणि त्याचे शब्द व तुमचा तर्क वेगळे ठेवावे. "जाणकार सांगतात" असे लिहून एका वृद्ध माउलीचे नाव पुसून टाकणे, हेही आमच्या मते वाङ्मयचौर्यच आहे. ज्या बाईचे नाव आजवर कोणत्याही कागदावर आले नाही, तिचे नाव तळटिपेत येऊ द्या. ज्ञातीचा गौरव याहून निराळा कोणता असावयाचा?

सबब, मंडळापुढे आम्ही तीन सूचना नम्रपणे ठेवितो. पहिली : पुढील वर्षापासून स्मरणिकेत ज्ञातीच्या इतिहासाविषयीचे कोणतेही विधान आधारावाचून छापू नये, आणि जेथे केवळ परंपरा असेल तेथे 'अशी परंपरा आहे' असे स्पष्ट लिहावे. दुसरी : मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी दोन तास, ज्या विद्यार्थ्यांच्या घरी कोणी विचारावयास नाही, त्यांचे निबंध कोणीतरी वाचून द्यावेत. हे काम करण्यास आम्ही स्वतः तयार आहोत. तिसरी : इतिहास लिहिणाऱ्या तरुणांना मुभा असावी, की सापडलेला पुरावा आपल्या आवडत्या कथेविरुद्ध गेला तरी तो त्यांनी छापावा. पूर्वज राजाचे सरदार निघाले नाहीत आणि कष्टकरी निघाले, तर त्यात आपली मान खाली जाण्यासारखे काही नाही. कष्ट करणाऱ्यांनीच आपणांस या सभागृहापर्यंत आणून सोडले आहे.

विद्यार्थिमित्रहो, आज मिळालेले प्रशस्तिपत्रक घरी जाऊन भिंतीवर लावा. पण उद्या जेव्हा निबंध लिहावयास बसाल, तेव्हा प्रत्येक वाक्यापाशी क्षणभर थांबून स्वतःला विचारा : हे माझे की दुसऱ्याचे? आणि दुसऱ्याचे असेल, तर मूळ आधार कोठे आहे? हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर पुढे वर्तमानपत्रातील बातमी, पुढाऱ्याचे भाषण किंवा भ्रमणध्वनीवर आलेला संदेश यांपुढेही तोच प्रश्न तुम्ही विचाराल, आणि सहजासहजी कोणाच्या फसवणुकीला बळी पडणार नाही. आमच्या आजच्या भाषणातील वर्षे व नावे यांपुढेही हाच प्रश्न उभा करा, ग्रंथालयात जा, आणि ताडून पाहा.